आवडीच्या नावाने

बारावीचा निकाल लागला की ‘यंदाही मुलींचीच बाजी’ हा मथळा ठरलेला असतो. २०२५ साली महाराष्ट्रात ९४.५८ टक्के मुली उत्तीर्ण झाल्या आणि ८९.५१ टक्के मुलगे. पुढच्या काही महिन्यांत प्रवेशाच्या फेऱ्या उरकतात आणि चित्र पालटते. मेकॅनिकलच्या वर्गात मुली बोटांवर मोजण्याइतक्या असतात आणि नर्सिंगच्या वर्गात मुलगे. आयटीआयमध्ये फिटर, टर्नर, वेल्डर या ट्रेडना मुलांची गर्दी, तर मुली शिवणकामाला, ब्युटी पार्लरच्या कोर्सला किंवा ‘कोपा’ या कॉम्प्युटर ऑपरेटरच्या कोर्सला. असे का, हे विचारले की उत्तर तयार असते: ज्याची त्याची आवड. कोणी कोणावर सक्ती केलेली नाही, फॉर्म ज्याने त्याने भरला आहे, मग तक्रार कसली?

हे उत्तर आज सर्वमान्य आहे. करिअर मार्गदर्शनाच्या व्याख्यानात ते ऐकू येते, लग्नाच्या पंगतीत ऐकू येते आणि मानसशास्त्राच्या नामांकित नियतकालिकांतही वाचायला मिळते. ते टिकणारे नाही, असे माझे म्हणणे आहे. पण पूर्वपक्ष दुबळा करून मांडायचा आणि मग तो पाडायचा, हा खंडनाचा सगळ्यात स्वस्त प्रकार झाला. म्हणून आधी त्या बाजूचे उत्तमातले उत्तम म्हणणे पाहू.

त्या बाजूचा पहिला पुरावा कल-चाचण्यांचा. रॉंग सू, जेम्स राउंड्स आणि पॅट्रिक आर्मस्ट्राँग यांनी २००९ साली अशा चाचण्यांमधली पाच लाखांहून अधिक जणांची उत्तरे एकत्र करून तपासली. सरासरीने पुरुषांचा ओढा वस्तूंकडे आणि स्त्रियांचा माणसांकडे, असे त्यात दिसले. हा फरक किरकोळ नव्हता. मानसशास्त्रात स्त्री-पुरुषांमधले बहुतेक फरक फार लहान निघतात, त्या मानाने हा मोठाच म्हणावा लागेल. दुसरा पुरावा शरीराचा. एका जन्मजात विकारामुळे काही मुलींच्या वाट्याला गर्भावस्थेतच अँड्रोजन या संप्रेरकाची जादा मात्रा येते. त्यांचा कल इतर मुलींच्या तुलनेत वस्तूंकडे अधिक झुकलेला आढळतो. तिसरा पुरावा सर्वांत गाजलेला. गिज्सबर्ट स्टूट आणि डेव्हिड गिअरी यांनी २०१८ साली दाखवले की फिनलंड, नॉर्वेसारख्या समानतेत अग्रेसर देशांत विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदव्या घेणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण कमी आहे आणि अल्जीरियासारख्या देशांत ते जास्त आहे. यावरून निष्कर्ष असा की, मोकळीक दिली की स्त्रिया आपल्या खऱ्या आवडीकडे वळतात. मग उरलेली तफावत अन्यायाची कशी म्हणायची?

पूर्वपक्ष इतका भक्कम आहे. यातली आकडेवारी खोटी आहे असे मी म्हणत नाही, आणि शरीराचा वाटा शून्य आहे असा दावाही करत नाही. वाद पुढचा आहे. वर्गात दिसणारी विभागणी ही या आवडीतून झाली, असे या पुराव्यांवरून ठरते का?

आधी या युक्तिवादाची वंशावळ पाहू, कारण आजचा हा त्याचा तिसरा अवतार आहे. पहिला अवतार ‘झेपणार नाही’ हा होता. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी उत्तम गुणांनी घेतलेल्या कमला भागवत बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या, तेव्हा संचालक सी. व्ही. रामन यांनी स्त्री म्हणून प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत, म्हणून अटी घालून घेतले. पुढे कमला सोहोनी या नावाने त्या भारतातल्या आद्य स्त्री-शास्त्रज्ञांपैकी एक ठरल्या. १९३९ साली केंब्रिजची डॉक्टरेट त्यांच्या हाती होती.

दुसरा अवतार ‘शोभणार नाही’ हा. १८८४ साली पुण्यात हुजूरपागेची शाळा निघाली, तेव्हा मुलांचाच अभ्यासक्रम मुलींना द्यावा काय, यावर टिळकांच्या गोटातून कडक टीका झाली. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी १८९२ साली ऑक्सफर्डला कायद्याच्या परीक्षेला बसल्या. पण स्त्रियांना वकिलीची सनद देणारा कायदा भारतात यायला १९२३ साल उजाडले. मधली तीस वर्षे कोर्टात स्त्री-वकील क्वचितच दिसे. त्या काळी कोणी वर्गवारी काढली असती, तर स्त्रियांना वकिलीची आवड नाही असेच आकड्यांनी सांगितले असते.

पहिले दोन्ही दावे पडले. मग तिसरा आला: येते, शोभतेही, पण त्यांना आवडतच नाही. पहिल्या दोन दाव्यांपेक्षा हा सौम्य आहे आणि सोयीचाही आहे. त्यात दोष कोणाचाच राहत नाही.

पण या दाव्याची परीक्षा घेता येते. आवड जर उपजत असेल, तर एकाच विषयाची आवड निरनिराळ्या देशांत आणि एकाच देशात दोन पिढ्यांत साधारण सारखी दिसायला हवी. तशी ती दिसते का? कॉम्प्युटरचा विषय घेऊ, कारण तो तरुण आहे आणि त्याचा सगळा इतिहास लिखित स्वरूपात आपल्यासमोर आहे.

१९४६ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाला एनिअॅक हे यंत्र जगापुढे आले. त्याच्यासाठी प्रोग्रॅम रचणाऱ्या सहाही जणी स्त्रिया होत्या. यंत्र बांधणे हे पुरुषांचे, म्हणजे मानाचे काम. त्याला गणित भरवणे हे कारकुनी काम, म्हणून ते बायकांकडे. १९६७ साली ‘कॉस्मोपॉलिटन’ या बायकांच्या मासिकाने या नव्या नोकरीवर लेख छापला. त्यात संगणकतज्ज्ञ ग्रेस हॉपर यांनी प्रोग्रॅमिंगची सांगड जेवणाचा बेत आखण्याशी घातली होती. आधी सगळी तयारी करायची आणि हवे तेव्हा सगळे हाताशी ठेवायचे. बायकांना हे जात्याच जमते, असा त्यातला भाव होता. म्हणजे तेव्हा ‘उपजत कल’ स्त्रियांच्या बाजूने साक्ष देत होता. १९८० च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेत संगणकशास्त्राची पदवी घेणाऱ्यांत स्त्रिया सुमारे ३७ टक्के होत्या. पुढच्या पंचवीस वर्षांत हे प्रमाण १८ टक्क्यांच्या आसपास घसरले. याच काळात तिथल्या स्त्रिया वैद्यकात आणि कायद्यात झपाट्याने पुढे जात होत्या. मग एकाच पिढीत संगणकाची आवड निम्म्यावर कशी आली? संप्रेरके तर बदलली नव्हती. बदलले ते घर. घरगुती कॉम्प्युटर बाजारात आला तो मुलग्यांचे खेळणे म्हणून, त्याच्या जाहिरातीत मुलगा आणि बाप दिसत, आणि तो ठेवलाही जाई मुलाच्या खोलीत. कॉलेजच्या पहिल्या दिवशी मुलगे काही वर्षांचा सराव घेऊन येत आणि प्राध्यापक तो सराव सगळ्यांना आहे असे गृहीत धरत.

ही नुसती अटकळ नाही. जेन मार्गोलिस आणि अॅलन फिशर यांनी कार्नेगी मेलन विद्यापीठात हे तपासले. प्रवेशासाठी आधीच्या प्रोग्रॅमिंगच्या अनुभवाला दिले जाणारे वजन विद्यापीठाने काढून टाकले आणि पहिल्या वर्षाचे वर्ग पूर्वतयारीनुसार वेगळे केले. १९९५ साली तिथे संगणकशास्त्रात येणाऱ्यांत मुली ७ टक्के होत्या, २००० साली ४२ टक्के. पाच वर्षांत अमेरिकेतल्या मुलींचे मेंदू बदलत नाहीत. प्रवेशाचे नियम बदलू शकतात.

आता हाच विषय आपल्याकडे आणून पाहा. रोली वर्मा या अभ्यासक भारतातल्या संगणकशास्त्राच्या विद्यार्थिनींशी बोलल्या. अमेरिकेत जो विषय रात्र रात्र जागणाऱ्या एकलकोंड्या मुलग्यांचा मानला जातो, तो आपल्याकडे मुलींसाठी सोयीचा मानला जातो, असे त्यांना आढळले. काम टेबलाशी बसून, एसीत, उन्हातान्हात साइटवर हिंडणे नाही, पगार चांगला आणि लग्नाच्या बाजारातही किंमत. पुण्यामुंबईच्या कोणत्याही इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटरचा वर्ग आणि मेकॅनिकलचा वर्ग पाहिला की याचा पडताळा येतो. मलेशियात तर संगणकशास्त्रात स्त्रिया निम्म्याच्या आसपास आहेत. एकच कीबोर्ड अमेरिकेत ‘वस्तू’ ठरतो आणि पुण्यात ‘सुरक्षित नोकरी’. माणसे विरुद्ध वस्तू ही फूटपट्टी मग नेमके काय मोजते? कल-चाचणी सोडवणारी व्यक्ती त्या व्यवसायाबद्दल जे ऐकून आहे त्यावर खूण करते. चाचणी खोटी नाही, पण ती उगम दाखवत नाही. प्रवाह गावात पोहोचल्यावर तो तिथे किती आहे, एवढेच ती सांगते.

राहिला स्टूट-गिअरींचा प्रश्न. त्यांच्या लेखातले आकडे मोजण्याच्या पद्धतीवर हार्वर्डच्या सारा रिचर्डसन आणि सहकाऱ्यांनी आक्षेप घेतला आणि २०१९ साली मूळ लेखाला दुरुस्ती जोडावी लागली. पण समजा, तो कल खराच आहे. त्याचे आणखी एक स्पष्टीकरण त्याआधीच मांडले गेले होते. मारिया चार्ल्स आणि कॅरेन ब्रॅडली यांनी २००९ साली ४४ देशांचा अभ्यास करून दाखवले की श्रीमंत देशांत पदवी ही पोटापाण्याची सोय राहत नाही, ती स्वतःची ओळख सांगण्याचे साधन होते. ‘तू कोण आहेस ते ओळख आणि त्याप्रमाणे निवड’ असे सतरा वर्षांच्या मुलीला सांगितले, तर ती स्वतःविषयी जे ऐकत आली तेच उत्तर देते. थॉमस ब्रेडा आणि सहकाऱ्यांनी २०२० साली ६४ देशांतल्या शालेय विद्यार्थ्यांच्या उत्तरांवरून आणखी एक गोष्ट पुढे आणली: गणित हा मुलग्यांचा विषय आहे ही समजूत समानतेत अग्रेसर देशांत उलट जास्त पक्की आहे. म्हणजे तिथे कायद्याची बंधने गेली, पण समजूत राहिली, आणि बाकीची बंधने गेल्यामुळे त्या समजुतीचे वजन वाढले. अल्जीरियाच्या किंवा भारताच्या मुलीला पदवी हवी असते ती नोकरीसाठी, म्हणून ती समजुतीला बाजूला सारते. या पुराव्यातून आवड उपजत असल्याचे निघत नाही. ‘आवडीप्रमाणे कर’ हा सल्ला दिसतो तितका निष्पक्ष नाही, एवढे मात्र निघते.

आपल्याकडे तर निवडीला आवडीपर्यंत पोहोचायलाच बराच वेळ लागतो. २०२०-२१ च्या केंद्र सरकारच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणात विज्ञान शाखेत शिकणाऱ्यांत मुली निम्म्याहून अधिक होत्या आणि बी. टेक.मध्ये दहांत जेमतेम तीन. नीटचेही असेच. २०२४ साली नीटसाठी नोंदणी करणाऱ्या सुमारे २४ लाखांत १३ लाखांहून अधिक मुली होत्या, आणि जेईई मेनला मात्र साधारण एक तृतीयांश. फिजिक्स आणि केमिस्ट्री दोन्हीकडे आहे. फरक बायोलॉजी की मॅथ्स एवढाच, असे वाटते. पण त्यामागे दुसरी मोजणी असते.

प्रवेशाच्या कॅप फेरीचा ऑप्शन फॉर्म भरताना जे घडते ते महाराष्ट्रातल्या कोणत्याही सायबर कॅफेत पाहता येईल. कट-ऑफची यादी समोर असते. मुलगा असेल तर यादी गुणांप्रमाणे लागते: आधी पुण्याचे सरकारी कॉलेज, मग मुंबईचे, मग सांगलीचे, मग खासगी. मुलगी असेल तर आधी गाळणी लागते. हॉस्टेल कॉलेजच्या आवारात आहे का? नसेल तर ते कॉलेज खोडा. एसटी स्टँडवरून रात्री आठनंतर यावे लागेल का? खोडा. आत्या त्या गावात राहते, मग ते ठेवा. मेकॅनिकल? पोरगी शॉप फ्लोअरवर उभी राहणार का? खोडा. चौथ्या-पाचव्या फेरफारानंतर जे उरते त्यातले एक मुलगी निवडते. पुढे कोणी विचारले की घरचे सांगतात, ‘तिलाच कॉम्प्युटर हवे होते’. ते खोटे बोलत नसतात. आवड ही हिशेबाच्या तळाशी लिहिलेली बेरीज आहे. वरच्या ओळी खोडून फक्त बेरीज दाखवली की ती स्वयंभू वाटते.

त्या वरच्या ओळी मोजता येतात, हे गिरिजा बोरकर यांनी दिल्ली विद्यापीठात दाखवले. कॉलेजला जाण्यायेण्याची वाट सुरक्षित असावी म्हणून तिथल्या विद्यार्थिनी अधिक दर्जेदार कॉलेज सोडून कमी दर्जाचे कॉलेज घेतात आणि जास्त प्रवासखर्चही सोसतात. मुलग्यांच्या निवडीत हा विचार फारसा दिसत नाही. त्या मुलींना दर्जेदार कॉलेज ‘आवडत’ नव्हते, असे कोणी म्हणणार का?

शॉप फ्लोअरची ओळ तर कायद्याने लिहिली होती. १९४८ च्या फॅक्टरी अॅक्टचे कलम ६६ स्त्रियांना कारखान्यात सकाळी सहा ते संध्याकाळी सात या वेळेतच काम करू देत होते. अलीकडे राज्याराज्यांनी अटी घालून सूट दिली, पण कित्येक दशके नियम हाच होता. भोसरी-चाकणच्या कारखान्यात तीन पाळ्या चालतात. नव्या डिप्लोमावाल्याला फर्स्ट, सेकंड, नाइट असे फिरत राहावे लागते. नाइटला ठेवता येणार नाही अशा मुलीला कंपनी घेणार कशाला? म्हणून कॅम्पस इंटरव्ह्यूला फक्त मुलगे. म्हणून मेकॅनिकलला मुलींना नोकरी नाही. म्हणून मेकॅनिकलला मुली नाहीत. आणि मग निष्कर्ष: मुलींना मशिनची आवड नाही. खाणींचेही तेच. १९५२ च्या माइन्स अॅक्टने स्त्रियांना जमिनीखाली काम करायला बंदी केली होती. ती २०१९ साली सैल झाली. त्याआधी मायनिंग इंजिनिअरिंगला मुली का जात नाहीत, याचे उत्तर मुलींच्या मनात शोधणे हा विनोद होता.

हाच हिशेब मुलगेही करतात, हे पुष्कळदा विसरले जाते. दोन हजारच्या दशकात महाराष्ट्रात डी. एड.ला मुलांची झुंबड उडाली होती. बारावी झाली, दोन वर्षांत शिक्षणसेवक, मग कायम, घराजवळ जिल्हा परिषदेची शाळा. गावोगावची मुले लहान मुलांना शिकवण्याच्या ओढीने भारली होती, असे तेव्हा कोणालाही वाटले नाही. पुढे भरती थंडावली, कॉलेजे ओस पडली, कित्येक बंद झाली, आणि ‘अध्यापनाची आवड’ही आटली. नर्सिंग हे बायकांचे क्षेत्र असे आपण धरून चालतो. पण एम्ससारख्या केंद्रीय संस्थांत पगार आणि निवृत्तिवेतन चांगले म्हटल्यावर पुरुष उमेदवारांची इतकी गर्दी झाली की भरतीत ८० टक्के जागा स्त्रियांसाठी राखण्यात आल्या. सेवावृत्ती पुरुषांत नव्हती आणि वेतनश्रेणी पाहून ती उगवली, असे मानायचे का? घरी स्वयंपाक बाईचा आणि लग्नात आचारी पुरुष. घरची शिलाई बाईची आणि बाजारपेठेत शिंपी पुरुष. काम तेच, त्याचे पैसे मिळू लागले की करणाऱ्याचे लिंग बदलते.

इथे एक प्रामाणिक आक्षेप उरतो. मुलींना नको असलेल्या शाखेत ढकलायचे का? आकडे समान करण्यासाठी एखाद्या पोरीचे आयुष्य पणाला लावायचे का? अजिबात नाही. हिशेब करणारी मुलगी भोळी नाही, फसवली गेलेलीही नाही. आहे त्या परिस्थितीत तिचा हिशेब बहुधा बरोबरच असतो. म्हणून तिला ‘धाडस कर’ असे व्यासपीठावरून सांगणे म्हणजे परिस्थितीचा भार तिच्या एकटीच्या खांद्यावर टाकणे. बदलायला हव्यात त्या हिशेबातल्या ओळी. त्या बदलल्या की काय होते, याचे एक उदाहरण देशातच आहे. आयआयटींमध्ये २०१६ च्या सुमारास मुली आठ-नऊ टक्के होत्या. जेईई अॅडव्हान्स्ड पार केलेल्या मुलींसाठी २०१८ पासून अधिसंख्य जागा निर्माण केल्या गेल्या आणि दोन वर्षांत प्रमाण २० टक्क्यांच्या घरात गेले. परीक्षा तीच होती आणि पात्र मुलीही आधीपासून होत्या. हवी ती शाखा किंवा घराजवळची आयआयटी मिळत नाही, म्हणून त्यांच्यापैकी अनेक जणी जागा सोडून देत होत्या. त्यांच्या आवडीला कोणी हात लावला नाही.

म्हणून शाखा निवडताना मार्गदर्शकाने ‘तुला काय आवडते?’ हा प्रश्न जरूर विचारावा, पण त्याच्या आधी आणखी तीन विचारावेत. कोणती कॉलेजे तू यादीतून खोडलीस आणि कोणत्या कारणाने? हॉस्टेल मिळण्याची खात्री असती तर यादी कशी झाली असती? ज्या कामाला तू नाही म्हणतेस ते प्रत्यक्ष करणारी, तुझ्यासारखी एक तरी व्यक्ती तू पाहिली आहेस का? हेच प्रश्न मुलग्यांनाही विचारावेत. घराच्या अपेक्षेपोटी इंजिनिअरिंगला गेलेल्या आणि आतून मराठीत किंवा बालशिक्षणात रमणाऱ्या मुलाच्या हिशेबातही खोडलेल्या ओळी असतातच. ‘पुरुषाने घर चालवायचे’ ही त्यातली सर्वांत जाड.

महाराष्ट्र सरकारने २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, ओबीसी आणि एसईबीसी कुटुंबांतल्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षणशुल्क आणि परीक्षाशुल्क पूर्ण माफ केले आहे. यात हिशेबातली एक ओळ, फीची, बदलली. हॉस्टेलची, पाळीची आणि पहिल्या नोकरीची ओळ अजून बरीचशी तशीच आहे. या सगळ्या ओळी बदलून पाहिल्या, एक पिढी जाऊ दिली, आणि तरीही मेकॅनिकलच्या वर्गात मुली बोटांवर मोजण्याइतक्याच राहिल्या, तर उरलेला फरक आवडीच्या खात्यावर लिहायला कोणाचीच हरकत असू नये. थोडासा उरेलही कदाचित. पण ते करून पाहण्याआधीच सगळी विभागणी आवडीच्या नावावर चढवणाऱ्यांनी आपला दावा सिद्ध करायचा आहे. आजवर ज्या ज्या क्षेत्रात ‘आवडत नाही’ म्हटले गेले आणि मग दार उघडले गेले, तिथे तो दावा टिकलेला नाही.